दादासाहेब फाळके आणि रसिकांची पत्रे

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना दादासाहेब या नावाने ओळखू लागला. त्यांचे वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. घरात पूजाअर्चा, पुराणकथा आणि शास्त्राध्ययन यांचे वातावरण होते. राम, कृष्ण, हरिश्चंद्र, सावित्री यांच्या कथा धुंडिराजाच्या कानांवर लहानपणापासून पडत होत्या. परंतु त्याच्या मनाचा ओढा मात्र चित्रे काढण्याकडे आणि हातांनी नवनवीन वस्तू घडविण्याकडे होता.

दाजीशास्त्री अध्यापनाच्या निमित्ताने मुंबईस गेले आणि कुटुंबही तेथे आले. १८८५ साली धुंडिराजांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण अशा अनेक विद्या त्यांनी मनापासून हस्तगत केल्या. जादूचे प्रयोगही ते शिकले आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते करून दाखवू लागले. मुलांनो, हे सारे शिक्षण पुढे एकाच कामी येणार आहे, याची त्या वेळी त्यांना स्वतःलाही कल्पना नव्हती.

संसाराचा मार्ग मात्र सुखाचा नव्हता. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. पण तेथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. दुःख गिळून ते पुन्हा उभे राहिले. पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचा विवाह झाला. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात त्यांना नोकरी मिळाली. परंतु बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ देशभर पसरली, तेव्हा त्यांनी ती सरकारी नोकरी सोडून दिली. मग त्यांनी छपाईचा धंदा सुरू केला. उत्तम यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीसही जाऊन आले. त्यांच्या छापखान्यातील रंगीत चित्रांची वाहवा झाली. पण भागीदारांशी मतभेद झाले, आणि स्वाभिमानी फाळके त्या धंद्यातून रित्या हातांनी बाहेर पडले.

अशा विमनस्क अवस्थेत असताना १९११ साली गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र सरकत होते, आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे मात्र गोकुळ, अयोध्या आणि वाराणसीचा डोंब उभा राहत होता. आपल्या देशातील कथा आपल्या माणसांनी अशाच पडद्यावर का आणू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटून टाकले. त्यांनी विलायतेहून पुस्तके आणि यंत्रांची माहितीपत्रके मागविली. दिवसा चित्रपट पाहावे आणि रात्री दिव्याच्या प्रकाशात वाचन व प्रयोग करावे, असा क्रम चालू झाला. या अतिश्रमाने त्यांची दृष्टीच गेली. सुदैवाने नेत्रवैद्याच्या उपचारांनी ती परत आली. आणि दृष्टी येताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले!

आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या कचेरीत ते सरळ जाऊन उभे राहिले. संपादकांनी प्रथम त्यांना या धाडसापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. परंतु त्यांची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या प्रसिद्ध निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत फाळक्यांनी सर्व क्रिया जवळून पाहिल्या. नंतर विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कोरी फिल्म यांची मागणी नोंदवून ते एप्रिलमध्ये स्वदेशी परतले.

या नव्या कलेवर पैसा लावण्यास कोणी सहजासहजी तयार होईना. तेव्हा फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाण्याचे बी पेरून त्यांनी ठरावीक वेळाने त्याची एकेक चित्रे घेतली. ती चित्रे सलग दाखविताच महिन्याभरात होणारी वाढ डोळ्यांदेखत मिनिटा-दोन मिनिटांत घडू लागली. अंकुर फुटला, वेल वर चढली. हा चमत्कार पाहून भांडवल मिळण्याची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही पतीच्या हवाली केले.

दादर येथे राजा हरिश्चंद्र या चित्रपटाचे काम सुरू झाले. स्त्रीभूमिकांसाठी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. परंतु त्या काळी पडद्यावर येण्यास कोणी कुलीन स्त्री धजेना. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामतीची भूमिका केली. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. सरस्वतीबाईंचे कष्ट तर सांगावे तितके थोडेच. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. दिवसा पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर सूर्यप्रकाश पाडीत. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडणे, ती रसायनात धुणे ही नाजूक कामे करीत. सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाटकातील नट रंगभूमीवर उभा असतो. त्याचे पद रंगले की टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि तो त्याला तेथल्या तेथे ऐकू येतो. चित्रपट करणाऱ्याचे तसे नाही. त्याचे काम डब्यांत भरून दूरदेशी जाते. नाशिकरोडहून निघालेली आगगाडी मनमाड, भुसावळ, शेगाव अशी स्थानके घेत वऱ्हाडात शिरते. अकोला तिच्या वाटेवरच आहे, आणि बडनेऱ्यास गाडी बदलली की अमरावती हाकेच्या अंतरावर येते. परंतु आगगाडीच्या वाटेने चित्रपटाचे डबे गेले, तरी टाळ्या काही त्या वाटेने परत येत नाहीत. अकोल्यास किंवा अमरावतीस एखादा प्रेक्षक मारुतीचे उड्डाण पाहून थक्क झाला, तर त्याचा तो आनंद नाशिकच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला कसा कळावा? त्याला एकच उपाय होता. आणि तो म्हणजे पैशा-दोन पैशांचे कार्ड घेऊन त्यावर चार ओळी लिहिणे!

प्रेक्षकांच्या मनातील कुतूहलाची फाळक्यांना चांगली जाण होती. चालती चित्रे निर्माण होतात तरी कशी, हा प्रश्न त्या काळी ज्याच्या त्याच्या मनात होता. काही कारागीर आपली विद्या झाकून ठेवतात. फाळक्यांनी मात्र ती उघड करून दाखविली. चित्रपट कसा तयार करतात, हेच दाखविणारा एक छोटा चित्रपट त्यांनी १९१७ साली काढला. त्यात ते स्वतः दिग्दर्शन करताना आणि फिल्म तपासताना दिसतात. त्याच सुमारास नवयुग या मासिकात भारतीय चित्रपटावर लेख लिहून त्यांनी आपल्या धडपडीची कहाणी वाचकांना सांगितली. अशा रीतीने, ज्यांनी त्यांची चित्रे पाहिली होती त्यांना त्यांचे मनही वाचावयास मिळाले.

१९१७ सालच्या लंकादहन या चित्रपटाने फाळक्यांची कीर्ती फारच वाढली. त्यात साळुंके यांनीच राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. १९१८ च्या प्रारंभी मुंबईच्या काही धनिकांच्या भागीदारीने हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे चित्रपट याच कंपनीचे होत. कालियामर्दनात बाळकृष्णाची भूमिका फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी हिने केली. तिचे ते निरागस हावभाव पाहून आबालवृद्ध मोहून गेले.

परंतु यशाबरोबर कलहही आला. भागीदारांची दृष्टी हिशेबाच्या वहीवर होती. फाळक्यांची दृष्टी चित्रावर होती. चित्र मनाजोगे उतरेपर्यंत खर्चाकडे पाहावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव. मनाजोगे काम करता येत नाही असे दिसताच त्यांनी कंपनी सोडली, आणि बायकामुलांसह ते काशीस जाऊन राहिले. ज्या कलेसाठी डोळे, दागिने आणि झोप ही सर्व खर्ची घातली, ती कलाच त्यांनी टाकून दिली. काशीत त्यांनी रंगभूमी नावाचे एक नाटक लिहिले. इतर चित्रपट कंपन्यांनी त्यांना बोलावणी पाठविली. पण त्यांनी ती नाकारली. त्यांचे मन अगदी विटून गेले होते.

या वेळी त्यांच्या चाहत्यांपैकी एकाने लेखणी उचलली. त्यांचे नाव अच्युत बळवंत कोल्हटकर. नागपूरच्या देशसेवक पत्राचे संपादक म्हणून त्यांनी निर्भीड लेखन केले होते आणि त्यासाठी कारावासही भोगला होता. पुढे मुंबईस येऊन त्यांनी संदेश हे पत्र काढले. त्यांची भाषा चुरचुरीत होती, आणि वाचकांचे चित्त कसे वेधून घ्यावे हे त्यांना पक्के ठाऊक होते. फाळक्यांसारखा कर्ता पुरुष गंगेच्या काठी स्वस्थ बसला आहे, ही गोष्ट त्यांना सहन होईना. त्यांनी फाळक्यांना पत्र पाठवून आपला निश्चय बदलण्याची आणि चित्रपटाकडे परत येण्याची विनंती केली.

काशीहून उत्तर आले. पण ते निराशेने भरलेले होते. चित्रपटाच्या धंद्यापुरते आपण मरण पावलो आहोत आणि पुन्हा त्यात पडण्याची आपली इच्छा नाही, असे फाळक्यांनी कळविले होते.

दुसरा एखादा मनुष्य असता, तर त्याने ते पत्र वाचून खेदाने बाजूला ठेवले असते. अच्युतरावांनी ते संदेशमध्ये छापले! आणि त्यावर मथळा असा दिला की दादासाहेब फाळके मृत्यू पावले. खालचा मजकूर वाचताच खरा अर्थ उलगडत होता. माणूस हयात आहे, पण त्याच्यातील कलावंत मावळू पाहत आहे, हे वाचकांना कळून चुकले. त्या मथळ्याने त्यांना जणू जागे केले. दादासाहेबांनी परत यावे, अशी विनंती करणारी पत्रे संदेशच्या कचेरीत येऊ लागली. अच्युतरावांनी तीही छापली. मग संदेशचे ते अंक एकत्र करून त्यांनी काशीस पाठवून दिले.

फाळक्यांनी ते अंक वाचले. आजवर त्यांनी प्रेक्षकांसाठी चित्रे पाठविली होती. आता प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी शब्द पाठविले होते. पत्रे लिहिणारी माणसे त्यांची भागीदार नव्हती, आणि त्यांच्याजवळ देण्यासाठी भांडवलही नव्हते. तथापि आपण टाकून दिलेली कला लोकांना आपली वाटते, ती केवळ आपल्या एकट्याची राहिलेली नाही, ही जाणीव त्या पत्रांनी दिली. भागीदारांवरील रागापायी या लोकांना विन्मुख करावे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. फाळके स्वभावाने मानी होते, आणि एकदा मोडलेला संबंध पुन्हा जोडणे मानी माणसाला किती कठीण जाते, हे सांगावयास नकोच. परंतु त्यांनी मन वळविले. ते काशीहून नाशिकला परतले आणि पूर्वीच्याच कंपनीत पुन्हा कामास लागले.

त्यानंतरही त्यांनी अनेक मूकपट काढले. तथापि काळ बदलत होता. १९३१ साली भारतात बोलपट आला आणि मूकपटांचे दिवस संपत आले. त्यांनी मूकपट म्हणून तयार केलेल्या सेतुबंधनाला मागाहून ध्वनीची जोड द्यावी लागली. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोन या संस्थेसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. त्या वेळी त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. तोच त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

१९३९ साली भारतीय चित्रपटव्यवसायाचा रौप्यमहोत्सव मुंबईत साजरा झाला. ज्या व्यवसायात तोवर कितीतरी लोकांनी धन मिळविले होते, त्याचा पाया घालणारा वृद्ध मात्र नाशिकला साधेपणाने दिवस काढीत होता. प्रभात कंपनीचे विख्यात दिग्दर्शक व्ही. शांताराम यांना ही गोष्ट खटकली. त्यांनी पुढाकार घेतला, आणि त्यांच्या व प्रभातच्या साहाय्याने नाशिक येथे फाळक्यांसाठी घर उभे राहिले. पुढच्या पिढीच्या एका दिग्दर्शकाने आपल्या पूर्वसूरीला वाहिलेली ती कृतज्ञतेची ओंजळ होती.

वयाची सत्तरी उलटली तरी फाळक्यांच्या मनातील चित्रे संपली नव्हती. आणखी एक चित्रपट काढावा, असे त्यांना वाटू लागले. परंतु ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. फिल्म मिळणे दुरापास्त झाले होते आणि चित्रपट काढण्यास सरकारचा परवाना लागत असे. १९४३ च्या डिसेंबरात त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. १९४४ च्या फेब्रुवारीत सरकारी उत्तर आले, आणि त्यात परवाना नाकारलेला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांची प्राणज्योत मालवली. एकदा रसिकांच्या पत्रांनी त्यांना कलेकडे परत आणले होते. या वेळी सरकारच्या कोरड्या पत्राने ती वाट बंद केली.

परंतु त्यांनी लावलेला वेल मात्र वाढतच राहिला. ज्या १९१३ साली राजा हरिश्चंद्र पडद्यावर आला, त्याच साली अमरावतीस भगवान पालव या मुलाचा जन्म झाला. तोच पुढे भगवानदादा या नावाने प्रसिद्धीस आला आणि १९५१ साली त्याने दिग्दर्शित केलेला अलबेला देशभर गाजला. त्याच अमरावतीत १९०६ साली जन्मलेले विश्राम बेडेकर हे मोठे साहित्यिक तर झालेच. पण वासुदेव बळवंत यांसारख्या चित्रपटाचे दिग्दर्शकही झाले. वऱ्हाडातील ही मुले मोठी होऊन ज्या वाटेने चालली, ती वाट दादासाहेबांनी पाडून ठेवलेली होती. भारत सरकारने १९६९ पासून चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देण्यास आरंभ केला. १९८५ सालचा हा पुरस्कार शांताराम यांना मिळाला, आणि नाशिकच्या त्या घराची आठवण असणाऱ्यांना विशेष समाधान वाटले असेल.

फाळक्यांचे बहुतेक चित्रपट काळाच्या ओघात नष्ट झाले. संदेशकडे पत्रे पाठविणाऱ्या त्या वाचकांची नावेही आज कोणाच्या ओठांवर नाहीत. परंतु त्यांनी एका थकलेल्या कलावंताला योग्य वेळी कळविले की तुमचे काम आम्हांला हवे आहे. मनातल्या मनात कौतुक करणारे लोक त्या काळीही पुष्कळ असतील. पण मनातील कौतुक काशीपर्यंत पोहोचत नाही. ते कागदावर उतरवून टपालात टाकावे लागते. तेवढे काम त्या अनामिक रसिकांनी केले, आणि म्हणून दादासाहेबांच्या पुढील चित्रपटांत त्यांचाही थोडा वाटा आहे.